ओबीडी डोंगल लावला, पण अ‍ॅपवर गाडीचं काहीच दिसत नाही: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

स्टेअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटात (गाडीतला बिघाड तपासायच्या सॉकेटात) लावायचा छोटा ब्लूटूथ डोंगल आणि फोनवरचं अ‍ॅप ही जोडी फार कामाची आहे. इंजिनचं तापमान, बॅटरीचं व्होल्टेज, चेक इंजिनचा दिवा कशामुळे लागला त्याचा कोड, हे सगळं बसल्या जागी कळतं. मी साताऱ्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. 'डोंगल चालत नाही' म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गाडीत काहीच बिघडलेलं नसतं. दोष फोनच्या सेटिंगमध्ये निघतो, नाहीतर डोंगलमध्ये. पण तोवर कुणीतरी त्यांना 'ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला असेल' असं सांगून घाबरवलेलं असतं. म्हणून हे क्रमाने लिहितोय. फुकटात होणारं आधी, पैसे लागणारं नंतर, आणि जिथे हात लावू नये ते शेवटी.

आधी लक्षण नीट ओळखा

'चालत नाही' म्हणजे नेमकं काय होतंय? मला दिसणाऱ्या तक्रारी साधारण या असतात:

- डोंगल लावला तरी त्यावरचा दिवाच लागत नाही.
- दिवा लागतो, पण फोनच्या यादीत डोंगलचं नाव येत नाही, किंवा येतं आणि पेअर होत नाही.
- फोन आणि डोंगल जोडले जातात, पण 'ईसीयूशी जोडत आहे' इथे अ‍ॅप अडकून बसतं.
- सगळं जोडलं जातं, पण गाडी चालवताना मध्येच तुटतं.
- जोडलेलं राहतं, पण काही आकडे येत नाहीत किंवा भलतेच येतात.

हे वेगळं करणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. कारण इथे जोड दोन असतात. एक फोन आणि डोंगलमधला, दुसरा डोंगल आणि गाडीमधला. दुसरं लक्षण दिसत असेल तर गाडीकडे बघायचं कारणच नाही, कारण डोंगल अजून फोनशीच बोललेला नाही. तिसरं लक्षण असेल तर ब्लूटूथ पुन्हापुन्हा पेअर करण्यात वेळ घालवू नका, तो जोड झालेला आहे. आणि दिवाच लागत नसेल तर फोन खिशात ठेवा आणि खाली फ्यूजच्या भागाकडे जा.

बहुतेक अ‍ॅपमध्ये या दोन जोडांचे दोन वेगळे दिवे किंवा दोन वेगळ्या ओळी असतात. त्यातली कुठली हिरवी झाली आणि कुठली नाही, हे लिहून ठेवा.

चावी खरंच ऑन आहे का?

डोंगलला मिळणारा करंट सोळा नंबरच्या पिनवर थेट बॅटरीकडून येतो. त्यामुळे गाडी बंद असली तरी दिवा लागतो आणि माणूस फसतो. ईसीयू मात्र इग्निशन ऑन झाल्यावरच जागा होतो. चावी पहिल्या टप्प्यावर, म्हणजे फक्त टेप चालतो तिथे असेल, तर अ‍ॅपला उत्तर मिळणार नाही. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले पाहिजेत. बटण स्टार्टच्या गाडीत क्लच किंवा ब्रेकवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबलं की बहुतेक गाड्या त्या स्थितीत येतात.

डोंगल पूर्ण आत बसलाय ना, तेही आत्ताच बघा. सॉकेट बऱ्याचदा तिरपं आणि गुडघ्याच्या उंचीवर असतं, तिथे डोंगल अर्धा बसूनही बसल्यासारखा वाटतो. अर्धा बसला तर करंटची पिन टेकते आणि डेटाची टेकत नाही, म्हणजे दिवा चालू आणि गाडी गप्प. एकदा काढून, दहा सेकंद थांबून परत घट्ट बसवा. त्यामुळे डोंगल रिसेटही होतो, आणि अडकलेला डोंगल बऱ्याचदा एवढ्यानेच चालू होतो.

डोंगल दुसऱ्या कुणी धरून ठेवलाय का?

हे कारण मला सर्वांत जास्त भेटतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. साधा ब्लूटूथ डोंगल एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतो. तुम्ही दोन अ‍ॅप टाकलेली असतील आणि पहिलं मागे चालू राहिलं असेल, तर दुसऱ्याला जोड मिळत नाही. घरातल्या दुसऱ्या फोनवर तो पेअर केलेला असेल आणि तो फोन गाडीतच असेल, तरी तेच.

कराडहून एक गृहस्थ आले होते. तीन महिने डोंगल व्यवस्थित चालत होता, मग अचानक बंद. नवा घेतला, तोही चालेना. मी चावी ऑन करून नुसता बसून राहिलो. डोंगलचा निळा दिवा काही सेकंद लुकलुकला आणि मग स्थिर झाला. आम्ही दोघांपैकी कुणीच फोनला हात लावला नव्हता. मग डोंगल कुणाशी जोडला गेला? डॅशबोर्डवरच्या नव्या अँड्रॉइड स्टीरिओशी. स्टीरिओ बसवणाऱ्याने त्यात ओबीडीचं अ‍ॅप चालू करून दाखवलं होतं, आणि तेव्हापासून चावी ऑन झाली की फोनच्या आधी स्टीरिओच डोंगल पकडत होता. नवा डोंगलही त्याच नावाचा आणि त्याच पेअरिंग पिनचा असल्याने तोही पकडला गेला. स्टीरिओच्या ब्लूटूथ यादीतून नाव काढलं, काम झालं.

तेव्हा स्टीरिओची यादी बघा, दुसरे फोन बंद करून बघा, आणि न वापरातलं अ‍ॅप फोर्स स्टॉप करा.

फोनचं सेटिंग

अँड्रॉइड ११ आणि त्याआधीच्या फोनमध्ये ब्लूटूथ उपकरणं शोधायला अ‍ॅपला लोकेशनची परवानगी लागते, आणि लोकेशन चालूही असावं लागतं. अँड्रॉइड १२ पासून 'जवळपासची डिव्हाइसेस' अशी वेगळी परवानगी आली. फोनचा अपडेट आला आणि दुसऱ्या दिवसापासून डोंगल सापडेना, तर पहिल्यांदा ही परवानगी बघा. अ‍ॅपला लोकेशन कशाला द्यायचं म्हणून अनेकजण ती नाकारतात. शंका रास्त आहे, पण जुन्या अँड्रॉइडमध्ये त्याशिवाय शोध चालत नाही.

पेअर करताना पिन विचारली तर १२३४ किंवा ०००० टाकून बघा, साध्या डोंगलना यातली एक चालते. आधीची पेअरिंग काढून नव्याने केलेली बरी.

आयफोनवाल्यांसाठी वेगळा मुद्दा आहे. जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ असलेला स्वस्त डोंगल आयफोनवरच्या अ‍ॅपशी जोडला जात नाही, कितीही वेळा पेअर करा. आयफोनला ब्लूटूथ लो एनर्जीवाला किंवा वायफायवाला डोंगल लागतो. खोक्यावर ब्लूटूथ ४.० किंवा पुढचा आकडा आणि आयफोनवर चालतो असा स्पष्ट उल्लेख असेल तरच घ्या. लो एनर्जीवाला डोंगल फोनच्या सेटिंगमधून पेअर करायचा नसतो, तो अ‍ॅपमधूनच थेट जोडायचा. सेटिंगमधून पेअर करून ठेवला की काही वेळा तोच अडथळा होतो.

वायफाय डोंगलची अडचण निराळी. त्याच्या वायफायला इंटरनेट नसतं, म्हणून फोन आपणहून ते सोडून मोबाइल डेटावर जातो. मोबाइल डेटा बंद करून बघा. अ‍ॅपमध्ये पत्ता साधारण १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० असा लागतो. तो चुकीचा भरलेला असेल तर वायफाय जोडलेलं दिसूनही अ‍ॅपवर काही येत नाही.

आणि चालता चालता तुटण्याची तक्रार असेल तर गाडीआधी फोनच्या बॅटरी सेव्हरवर संशय घ्या. स्क्रीन बंद झाली किंवा नकाशा वर आला की काही फोन मागचं अ‍ॅप झोपवून टाकतात. त्या अ‍ॅपसाठी बॅटरीचं बंधन काढा, ऑटोस्टार्ट चालू करा. मग स्क्रीन चालू ठेवून आणि बंद ठेवून, अशा दोन्ही प्रकारे त्याच रस्त्यावर फेरी मारा. स्क्रीन चालू असताना तुटत नसेल तर कारण सापडलं.

अ‍ॅप काय म्हणतंय ते वाचा

'एरर आला' एवढंच सांगितलं की मला काही कळत नाही. एरर काय आला, हे फार काही सांगून जातं.

'अनेबल टू कनेक्ट' म्हणजे डोंगलने सगळ्या प्रोटोकॉलमध्ये (गाडीशी बोलायच्या ठरलेल्या भाषांत) हाक मारून पाहिली, गाडीकडून उत्तर नाही. कारणं: इग्निशन ऑफ, गाडी ओबीडी-२ ची (म्हणजे प्रमाणित पद्धतीने बोलणारी) नाही, डोंगल कमअस्सल, किंवा सॉकेटची वायरिंग. 'बस इनिट एरर' म्हणजे के-लाइनवर (जुन्या गाड्यांतली डेटाची तार) सुरुवातीची हाकच पोहोचली नाही. 'कॅन एरर' कॅनच्या (नव्या गाड्यांतल्या डेटा लाइनच्या) दोन तारांवरची गडबड दाखवतो. 'स्टॉप्ड' आला तर डोंगल प्रोटोकॉल शोधत असताना अ‍ॅपनेच मध्ये दुसरी कमांड पाठवली, म्हणजे घाई अ‍ॅपची. तिथे सेटिंगमध्ये थांबण्याची वेळ वाढवून बघा. 'नो डेटा' फक्त एखाद्या गेजपुरता येत असेल, तर तुमचा ईसीयू ती माहिती देतच नाही. तो बिघाड नाही. प्रत्येक गाडी तेलाचं तापमान किंवा टाकीतलं इंधन प्रमाणित पद्धतीने सांगत नाही.

अ‍ॅपमध्ये प्रोटोकॉल हाताने निवडलेला असेल तर तो 'ऑटो'वर आणा. दुसऱ्या गाडीसाठी बनवलेलं प्रोफाइल चालू असेल तरी हेच होतं. घरात दोन गाड्या असणाऱ्यांनी हे आधी बघावं.

आकडे उशिरा हलतात ही तक्रारही इथेच मिटते. कॅन सेकंदाला ५ लाख बिटच्या वेगाने चालतं, के-लाइन साधारण १०,४०० च्या. के-लाइनच्या गाडीत स्क्रीनवर दहा गेज ठेवले तर प्रत्येकाची पाळी उशिरा येणारच. तीन-चार ठेवा. अ‍ॅव्हरेजचा आकडा भलता येत असेल तर प्रोफाइलमध्ये इंधन आणि इंजिनची सीसी बरोबर भरली आहे का ते बघा. ज्या गाडीत हवेचं वजन मोजणारा सेन्सर नसतो, तिथे अ‍ॅप तो आकडा अंदाजाने काढतं.

तुमची गाडी ओबीडी-२ ची आहे का?

सॉकेट सोळा पिनांचं आहे म्हणून गाडी ओबीडी-२ ची असेलच असं नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०१० पासून बीएस-४ (भारत स्टेज, म्हणजे धुराचं सरकारी मानक) गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा लागू झाला, आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा. पण तेव्हा बीएस-४ फक्त ठरावीक शहरांत होतं. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि सोलापूर. उरलेल्या राज्यात बीएस-३ चालू होतं, आणि सगळ्या देशाला बीएस-४ लागू झालं ते १ एप्रिल २०१७ ला. त्यामुळे एकाच मॉडेलची २०११ ची गाडी पुण्यात बीएस-४ आणि साताऱ्यात बीएस-३ असू शकते. मित्राच्या गाडीत चालला तो डोंगल तुमच्या त्याच मॉडेलच्या गाडीत चालत नाही, याचं कारण कित्येकदा एवढंच असतं.

आरसीवर उत्सर्जनाचं मानक बघा. बीएस-३ असेल तर सॉकेटवर कंपनीचा स्वतःचा प्रोटोकॉल असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तिथे सर्वसाधारण अ‍ॅप चालणार नाही. त्यावर आणखी पैसे घालवू नका. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत मात्र काहीच येत नसेल तर पुढे तपासायला हवं. इलेक्ट्रिक गाडीचं गणित वेगळं आहे. तिथे इंजिनच नाही, त्यामुळे नेहमीचे गेज रिकामे राहतात आणि त्या मॉडेलसाठी बनवलेलं अ‍ॅप लागतं.

डोंगल दुसऱ्या गाडीत लावा

या सगळ्या तपासणीत माझा सर्वांत जास्त भरवसा या एका गोष्टीवर आहे, आणि तिला एक रुपया लागत नाही. शेजाऱ्याची २०२० नंतरची कुठलीही पेट्रोल किंवा डिझेल गाडी घ्या. तोच फोन, तेच अ‍ॅप, तोच डोंगल. तिथे चालला तर फोन आणि डोंगल सुटले, संशय तुमच्या गाडीवर. तिथेही नाही चालला तर तुमची गाडी सुटली. जमलं तर उलटंही करा, त्यांचा चालणारा डोंगल तुमच्या गाडीत लावा. दोन्ही मिळून दहा मिनिटं लागतात.

यातला एक बारकावा लक्षात ठेवा. डोंगल नव्या गाडीत चालला आणि तुमच्या २०१४ च्या गाडीत चालला नाही, तर गाडी दोषी ठरवायची घाई नको. या डोंगलचं काम ईएलएम ३२७ नावाच्या चिपवर चालतं. ती चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सने बनवली. तिच्या पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हतं, ती उचलली गेली, आणि बाजारात नकलांचा पूर आला. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंदही झाली. आज 'आवृत्ती १.५' असं छापलेले डोंगल ढिगाने मिळतात, पण मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. '२.१' छापलेल्या काही स्वस्त नकलांमध्ये तर के-लाइनचा भागच बसवलेला नसतो. असा डोंगल कॅनच्या गाडीत उत्तम चालतो आणि के-लाइनच्या गाडीत मुका. म्हणून जुन्या गाडीसाठी तुलना करायची तर जुन्याच गाडीत करा, किंवा सगळे प्रोटोकॉल चालतात अशी खात्री असलेला डोंगल उसना आणा.

डोंगल वाईट निघाला तर तो उघडून दुरुस्त करण्यात अर्थ नाही. नवा घ्या. अगदी स्वस्तातला मात्र टाळा. नकली डोंगल अर्धवट उत्तरं देतो आणि माणूस नसलेला बिघाड शोधत बसतो.

बॅटरी आणि सेल्फ

गाडी चालू करताना जोड तुटतो आणि मग परत येतो, किंवा सेल्फ मारला की डोंगलचा दिवा विझून पुन्हा लागतो. हे डोंगलपेक्षा बॅटरीबद्दल जास्त सांगतं. सेल्फ मारताना व्होल्टेज खाली जातंच, पण बॅटरी अशक्त असली की ते इतकं पडतं की डोंगल रिसेट होतो.

बऱ्याच अ‍ॅपमध्ये डोंगलला मिळणारं व्होल्टेज दिसतं. अ‍ॅपमध्ये टर्मिनल (कमांड टाइप करायची जागा) असेल तर ए-टी-आर-व्ही ही चार अक्षरं टाकली की डोंगल आकडा देतो. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ च्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. रात्रभर उभी राहून १२.२ च्या खाली येत असेल तर बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट करून घ्या. नकली डोंगलचा आकडा काही दशांशांनी इकडेतिकडे असतो, तेव्हा एकदा मल्टिमीटरशी ताडून बघा. नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे कमी-जास्त चार्ज करतो, त्यामुळे चालताना आकडा थोडा खाली-वर झाला तर दचकू नका.

याच्याशीच जोडलेली गोष्ट: डोंगल कायम लावून ठेवू नका. साधा डोंगल गाडी बंद असतानाही ३० ते ५० मिलीअँपिअर खातो. ४५ धरले तर दिवसाला सुमारे एक अँपिअर-तास. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची असते. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली तर सेल्फ मारायला जोर उरत नाही. गणपतीला गावी जाऊन आल्यावर गाडी चालू होत नाही म्हणून बोलावणं येतं, तेव्हा मी आता आधी स्टेअरिंगखाली बघतो. आणि डोंगल क्लचच्या पायाला लागत असेल तर चालवताना तो लावूच नका. गळून पेडलखाली गेला तर जिवावर बेतेल.

दिवाच लागत नाही: फ्यूज

अनेक गाड्यांत सॉकेटचा करंट मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटाच्या, टेपच्या किंवा आतल्या दिव्याच्या फ्यूजवरून येतो. ते आणि डोंगल एकदमच बंद झाले असतील तर फ्यूज उडालाय. मालकाच्या पुस्तकात फ्यूजचा तक्ता असतो, नाहीतर फ्यूजबॉक्सच्या झाकणामागे.

फ्यूज काही रुपयांत मिळतो. बदलताना तेवढ्याच अँपिअरचा टाका. १५ चा उडाला म्हणून ३० चा टाकला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा चंदेरी कागद घालणारे अजूनही भेटतात, कृपा करून तसं करू नका आणि करू देऊ नका. गाडीला आग लागायला तेवढं पुरतं. नवा फ्यूज लगेच उडाला तर दुसरा टाकायचा नाही. कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तो शोधणं वायरमनचं काम.

सॉकेटच्या आत बघा

खाली वाकून, मोबाइलचा टॉर्च सॉकेटात सरळ मारा. प्रत्येक खाचेत पितळी रंगाच्या दोन पात्या जवळजवळ दिसतात, त्यांच्यामध्ये डोंगलची पिन शिरते. सगळ्या खाचांतल्या पात्यांमध्ये सारखीच फट दिसली पाहिजे. एखादीत पात्या फाकलेल्या दिसल्या, तर कुणीतरी तिथे टेस्टरचं जाड टोक किंवा वायर घुसवली आहे. पिन आत जाते, पण पात्यांना धरत नाही. गाडी खड्ड्यातून गेली की जोड तुटतो आणि सपाट रस्त्यावर परत येतो. दुसरीकडे, एखादी पाती इतरांपेक्षा मागे सरकलेली दिसली तर ती घरात नीट लॉक झालेली नाही, डोंगल लावताना आणखी मागे जाते. हिरवट डाग दिसले तर पाणी पोहोचलंय. पावसाळ्यात विंडशील्डच्या कडेने पाणी झिरपून तिथे येतं.

डाग असतील तर बॅटरीचा निगेटिव्ह काढून इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा मारा, पूर्ण वाळू द्या. इतर स्प्रे नको, आणि टोकदार वस्तूने खरडायचं नाही.

मल्टिमीटर वापरता येत असेल तर आणखी एक पायरी. सॉकेटची रुंद बाजू वर धरली की वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८, खालच्या ओळीत ९ ते १६. खाली उजवीकडची शेवटची १६, तिथे बॅटरीचा प्लस. ४ बॉडीची अर्थ, ५ सिग्नलची अर्थ. १६ आणि ४ मध्ये, मग १६ आणि ५ मध्ये बॅटरीइतकं व्होल्टेज आलं पाहिजे. १६-४ ला येतं आणि १६-५ ला येत नाही, तर अर्थिंगची तार सुटली. प्रोबचं टोक आत दाबायचं नाही, फक्त पातीच्या कडेला टेकवायचं, नाहीतर आत्ता सांगितलेला फाकलेल्या पातीचा बिघाड तुम्हीच कराल. दोन पिनांना एकदम टोक लागू देऊ नका.

इथे थांबा

व्होल्टेज बरोबर, फ्यूज बरोबर, खात्रीचा डोंगलही उत्तर आणत नाही, आणि गाडी ओबीडी-२ ची आहे. इथून पुढे घरी काम करू नका.

पुढची तपासणी ६ आणि १४ या पिनांवरच्या कॅनच्या तारांची असते. १४ ही ६ च्या बरोबर खाली असते. बॅटरी काढून या दोघींमधला रेझिस्टन्स मोजला तर साधारण ६० ओहम येतो, कारण लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. १२० आला तर एक टोक तुटलं असण्याची शक्यता, शून्याजवळ आला तर तारा एकमेकींना चिकटल्या. पण गेटवे (सॉकेट आणि आतल्या तारांमध्ये बसवलेलं युनिट) असलेल्या नव्या गाड्यांत हा आकडा वेगळा येऊनही सगळं ठीक असू शकतं, म्हणून त्याचा अर्थ त्या गाडीची वायरिंग ठाऊक असलेल्यानेच लावावा. याच तारांवर इंजिन, एबीएस आणि इतर युनिट एकमेकांशी बोलतात. तिथे अंदाजाने तार कापून जोडली तर डोंगलचा प्रश्न राहतो बाजूला आणि गाडीच बंद पडते.

शोध लागतो तेव्हा कारण बहुतेक वेळा नंतर बसवलेल्या वस्तूत असतं. सॉकेटच्या मागून करंट घेतलेला जीपीएस ट्रॅकर, अलार्म, बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचं वायरिंग, किंवा बाजारातला स्टीरिओ. काही जुन्या युरोपीय गाड्यांत टेपच्या मूळ कनेक्टरमध्ये के-लाइनची तारही असते. बाजारातला टेप तसाच जोडला की त्या तारेवर नको ते व्होल्टेज किंवा अर्थ येते आणि सगळं डायग्नोसिस बंद पडतं. उंदराने हार्नेस (तारांचा जुडगा) कुरतडणं हेही आपल्याकडे नेहमीचं, पावसाळ्यात जास्त.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर आधीच्या पायऱ्याही करत बसू नका, थेट वायरमन किंवा सर्व्हिस सेंटर गाठा: जळका वास, सॉकेट गरम लागणं, नवा फ्यूज लगेच उडणं, डोंगल लावल्यावर डॅशबोर्डवर नवे दिवे लागणं किंवा इंजिन अडखळणं. अशा वेळी डोंगल आधी उपटून काढा. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना आणि हायब्रिड-इलेक्ट्रिकच्या केशरी केबलना हात लावायचाच नाही. गाडी वॉरंटीत असेल तर सॉकेटमागची वायरिंग उघडू नका.

एबीएसचा किंवा एअरबॅगचा दिवा लागलाय आणि अ‍ॅप 'एकही कोड नाही' म्हणतंय, तर अ‍ॅपवर विसंबू नका. सर्वसाधारण अ‍ॅप इंजिन आणि धुराशी संबंधित कोडच वाचतं, त्या दोन युनिटपर्यंत बहुधा पोहोचतच नाही.

गाडी दाखवायला नेण्याआधी अ‍ॅपमधून कोड पुसू नका. कोडबरोबर बिघाडाच्या क्षणी टिपलेले आकडेही जातात, म्हणजे इंजिन किती गरम होतं, वेग किती होता, लोड किती होता. वायरमनला तेच हवे असतात. स्क्रीनशॉट काढून ठेवा. सोबत चार गोष्टी लिहून न्या: कुठला जोड तुटतो, एररचे नेमके शब्द, डोंगल दुसऱ्या गाडीत चालला की नाही, आणि गेल्या वर्षभरात गाडीत बाहेरून काय काय बसवलं. शेवटची गोष्ट लोक सांगायची विसरतात, आणि मी तपासायला सुरुवात तिथूनच करतो.